डच दालनातील रिकाम्या चौकटी

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या फेनवे भागात, व्हेनिसमधील एखाद्या जुन्या प्रासादाची आठवण करून देणारी एक चौमजली वास्तू आहे. तिच्या वरच्या मजल्यावरील डच दालनात हिरव्या रेशमी वस्त्राने मढवलेल्या भिंतीवर सोनेरी चौकटी टांगलेल्या असून त्यांच्यात चित्रे नाहीत. जेथे एके काळी वादळात सापडलेल्या नौकेवर फेसाळ लाट आदळत होती, तेथे आता चौकटीतून मागची भिंतच तेवढी दिसते. चित्रे दुरुस्तीसाठी उतरवली असावीत, असे नवख्या प्रेक्षकास वाटण्याचा संभव आहे. परंतु ती उतरवली गेली १८ मार्च १९९० च्या उत्तररात्री, आणि उतरवणाऱ्यांच्या हाती धारदार पाते होते. इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयातून त्या रात्री तेरा वस्तू गेल्या. त्यांची किंमत पन्नास कोटी डॉलरांच्या घरात सांगितली जाते. पुढे तीन दशकांहून अधिक काळ तहकिकात चालली, तरी त्यांतील एकही वस्तू परत आलेली नाही आणि या चोरीसाठी एकाही इसमावर खटला उभा राहिलेला नाही. चोरीची कथा म्हणून ही हकिकत पुष्कळांनी सांगितली आहे; मला ती त्या घराची कथा म्हणून सांगावीशी वाटते, कारण तेथे काय होते आणि ते तसेच का मांडले होते, हे ध्यानात आल्यावाचून काय गेले याचा अदमास येत नाही.

हे घर उभारणाऱ्या इझाबेलेचा जन्म १८४० साली न्यू यॉर्कमधील एका सधन कुटुंबात झाला, आणि विसाव्या वर्षी जॉन लोवेल गार्डनर या बॉस्टनच्या प्रतिष्ठित घराण्यातील तरुणाशी विवाह होऊन ती त्या शहरी आली. १८६३ मध्ये तिला मुलगा झाला. तो दोन वर्षांचाही पुरता झाला नव्हता तोच, १८६५ च्या मार्च महिन्यात, न्यूमोनियाने दगावला. त्यानंतर तिला अपत्य झाले नाही. शोकाने तिची प्रकृती इतकी ढासळली की, १८६७ साली वैद्याच्या सल्ल्यावरून युरोपच्या प्रवासास निघताना तिला गादीवर निजवूनच जहाजावर चढवावे लागले, असे तिचे चरित्रकार सांगतात. त्या प्रवासातून परतलेली इझाबेला चालती-बोलती होती, आणि पाहण्याची जी ओढ तिला तेथे लागली ती पुढे जन्मभर सुटली नाही. १८८३-८४ च्या दीर्घ प्रवासात तर जपान, चीन, कंबोडिया करीत हे दांपत्य हिंदुस्थानातही येऊन गेले.

मराठी वाचकाला ही कथा सर्वस्वी परकी वाटू नये. पुण्यात बाजीराव रस्त्याच्या परिसरात जे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, त्याच्या नावातील ‘राजा’ हा कोणी संस्थानिक नव्हे. तो दिनकर गंगाधर केळकरांचा एकुलता एक मुलगा, वयाच्या सातव्या वर्षी गेलेला. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या या गृहस्थाने गावोगाव हिंडून, पदरमोड करून, दिवे, अडकित्ते, कुलुपे, वाद्ये, दरवाजे अशा घरगुती वस्तूंचा जो प्रचंड संचय केला, तो त्याने आपल्या बाळाच्या स्मृतीला वाहिला आणि अखेर महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडचा मस्तानी महाल उकलून आणून त्या वाड्यात पुन्हा उभा केलेला आहे. बॉस्टनच्या त्या प्रासादातही व्हेनिसचे सज्जे, खांब आणि कोरीव खिडक्या अशाच आणून जडवलेल्या आहेत. धनाचे प्रमाण आणि देशकालाची परिस्थिती यांत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी पोरके झालेले वात्सल्य वस्तूंवर माया करू लागते आणि त्या वस्तू मग लोकांच्या होतात, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे.

१८९१ साली वडिलांच्या निधनानंतर इझाबेलेच्या हाती मोठी मालमत्ता आली, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या एका लिलावात तिने योहानेस व्हर्मीर या सतराव्या शतकातील डच चित्रकाराचे ‘मैफल’ हे चित्र २९,००० फ्रँकांना विकत घेतले. आपण चेहऱ्याशी हातरुमाल धरून आहो तोवर बोली चढवीत राहावे, असे तिने आपल्या अडत्यास बजावले होते, अशी आख्यायिका आहे. १८९६ मध्ये रेम्ब्रांटने वयाच्या तेविसाव्या वर्षी रंगवलेले आत्मचित्र तिच्या संग्रहात आले, आणि या एका चित्रापासून पतिपत्नींच्या मनात खाजगी संग्रहाऐवजी सार्वजनिक संग्रहालयाची कल्पना मूळ धरू लागली. त्याच वर्षी, बर्नार्ड बेरेन्सन या तरुण कलापंडिताच्या सल्ल्याने, टिशियनचे ‘युरोपा’ही आले. १८९८ साली पती निवर्तला. विधवा इझाबेलेने तेव्हाची ओसाड, पाणथळ जागा घेऊन इमारत बांधावयास काढली, प्रत्येक खांबाच्या आणि प्रत्येक भिंतीच्या रंगाच्या कामावर स्वतः उभी राहिली, आणि १९०३ च्या वर्षारंभी, बॉस्टनच्या वाद्यवृंदातील कलावंतांच्या वादनाने, त्या घराचे दार उघडले. मधल्या चौकात काचेच्या छपराखाली बारा महिने बाग फुललेली असते. चारी बाजूंच्या दालनांच्या खिडक्या त्या चौकात उघडतात. आणि तिच्या जन्ममासात, एप्रिलमध्ये, नॅस्टर्शियमच्या केशरी फुलांचे लांबलचक वेल सज्ज्यांवरून खाली सोडण्याची तिची वहिवाट आजही पाळली जाते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. इतर संग्रहालयांत शतकांप्रमाणे, देशांप्रमाणे, संप्रदायांप्रमाणे वस्तू लावतात. इझाबेलेने तसे केले नाही. चित्राखाली मेज, मेजावर पात्र, पात्राशेजारी पत्र, समोर खुर्ची, अशी तिची मांडणी गृहिणीची होती, आणि तीत प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी काही बोलत होती. व्हर्मीरची मैफल तिने डच दालनातील खिडकीलगतच्या मेजावर ठेवली होती. व्हर्मीरच्या चित्रांत प्रकाश खिडकीतूनच येतो, तेव्हा त्याच्या चित्रावरही तो तसाच पडावा, हा त्यातला भाव असावा. १९२४ साली ती वारली, तेव्हा तिच्या मृत्युपत्रात दहा लाख डॉलरांच्या निधीबरोबर एक कडक शर्त निघाली: ही मांडणी जशीच्या तशी राहावी, तीत स्थायी फेरबदल केल्यास सारा संग्रह विकून त्याची रक्कम हार्वर्ड विद्यापीठास द्यावी. विश्वस्तांनी ही शर्त इमानाने पाळली, आणि सहासष्ट वर्षे खुर्ची खुर्चीच्या जागी व चित्र चित्राच्या जागी राहिले.

परंतु मांडणी राखणे निराळे आणि मांडणीचे रक्षण करणे निराळे. ठराविक निधीचे मोल काळाबरोबर उतरत जाते, छप्पर गळू लागते, आणि जिचे वैभव भिंतीवर दिसते त्या संस्थेची तिजोरी आतून रिती असू शकते. १९९० साली त्या संग्रहालयात हालचाल टिपणारी यंत्रे होती, पण ती पोलिसांशी जोडलेली नव्हती. बाहेर इशारा देणारी कळ साऱ्या इमारतीत एकच होती, आणि ती पहारेकऱ्याच्या मेजाखाली होती. चित्रांचा चोरीविरुद्ध विमा उतरवलेला नव्हता, कारण इतक्या मोलाच्या वस्तूंचा हप्ता भरणे संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. रात्रीच्या पहाऱ्यावर दोन तरुण होते, आणि त्यांचे वेतन किमान वेतनाहून फारसे अधिक नव्हते.

१७ मार्च हा सेंट पॅट्रिकचा दिवस. आयरिश वस्तीच्या बॉस्टनमध्ये तो मोठा सण, आणि रस्ते उत्तररात्रीपर्यंत जागे. मध्यरात्र उलटून एक वाजून चोवीस मिनिटांनी बाजूच्या दाराची घंटा वाजली. बाहेर पोलिसांच्या गणवेशातील दोघे उभे होते. आवारात गडबड असल्याची वर्दी आहे, असे त्यांनी सांगितले. रात्री कोणालाही आत घ्यावयाचे नाही असा नियम होता. पहारेकऱ्याने दार उघडले. तुमच्या नावाचा अटकेचा हुकूम आहे, अशी बतावणी करून त्यांनी त्याला मेजापासून, म्हणजेच त्या एकुलत्या एका कळेपासून, दूर घेतले आणि त्याच्या हाती बेड्या घातल्या. फेरी संपवून परतलेल्या दुसऱ्या पहारेकऱ्याचीही तीच गत झाली. चिकटपट्ट्यांनी जखडून दोघांना तळघरात नेऊन बांधले. दार उघडल्यापासून एकंदर एक्क्याऐंशी मिनिटे चोर तेथे वावरत होते. इतका निवांत वेळ चित्रचोराला सहसा लाभत नाही. दोन खेपांत माल गाडीत घालून पावणेतीनच्या सुमारास ते निघून गेले. पोलीस आले ते सकाळी सव्वाआठला. जाताना चोरांनी चित्रफीत आणि यंत्राने छापलेली नोंद बरोबर नेली, पण संगणकाच्या पोटात तीच नोंद शिल्लक राहिल्याने त्यांची पावले कोणत्या दालनात केव्हा पडली, हे मिनिटामिनिटाने सांगता येते. केवळ एका ठिकाणी ही साक्ष अडते. तळमजल्यावरील निळ्या दालनातून एदुआर माने याचे ‘शे तोर्तोनी’ हे छोटे चित्र गेले, पण त्या दालनात चोरीच्या वेळात कोणाचेच पाऊल नोंदले गेलेले नाही. पूर्वी गस्तीवर गेलेल्या पहारेकऱ्याचे तेवढे आहे. त्यावरून नाना तर्क झाले, आणि एकही शाबीत झाला नाही.

आता जे गेले त्याच्याकडे वळू. ‘गालिली सरोवरातील वादळ’ हे रेम्ब्रांटने १६३३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी रंगवलेले, आणि पाण्यावरील वादळाचे त्याने काढलेले हे एकमेव चित्र होय. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा माणसे व्हावीत, पण नौकेत चौदा आहेत. त्यांतला एक दोर धरून, टोपी सावरीत, थेट प्रेक्षकाकडे पाहत आहे, आणि तो स्वतः चित्रकारच असावा असे मानतात. सुमारे पाच फूट उंचीचे हे चित्र चोरांनी खाली ओढून, काच फोडून, कडेने कापून काढले. त्याच वर्षीचे काळ्या वेषातील स्त्री-पुरुषांचे चित्रही तसेच कापले. टपालाच्या तिकिटाएवढे रेम्ब्रांटचे कोरीव आत्मचित्र गेले. त्याचा शिष्य गोव्हर्ट फ्लिंक याचे निसर्गचित्र गेले. तीन हजार वर्षांपूर्वीचे चिनी ब्राँझपात्र गेले. देगाची पाच रेखाटने गेली. आणि नेपोलियनच्या फौजेतील एका निशाणाच्या काठीवरचा गरुड गेला. निशाणच न्यावे असा चोरांचा बेत दिसतो, कारण त्याच्या चौकटीचे काही स्क्रू काढलेले होते. ते जमेना तेव्हा त्यांनी गरुडावर समाधान मानले.

या साऱ्यांत व्हर्मीरच्या मैफलीचे दुःख वेगळे आहे, कारण व्हर्मीरची म्हणून मानली जाणारी चित्रे अवघ्या जगात तीन डझनांच्या आसपास आहेत. एक तरुणी वाद्याच्या पट्ट्यांवर बोटे ठेवून बसली आहे, दुसरी उभी राहून गात आहे, मध्ये एक पुरुष पाठमोरा बसलेला आहे; ध्वनी नसलेल्या माध्यमात इतकी श्रवणीय शांतता क्वचितच कोणी बांधली असेल. त्या चित्रातील भिंतीवर दोन चित्रे टांगलेली आहेत, आणि त्यांपैकी एक डर्क व्हान बाब्युरेन याचे कुंटिणीचे चित्र म्हणून ओळखू येते. बाब्युरेनचे ते १६२२ चे मूळ चित्र आज बॉस्टनच्याच ललित कला संग्रहालयात, गार्डनर संग्रहालयापासून पायी चालत जाण्याच्या अंतरावर, सुरक्षित आहे. चित्राच्या आतले चित्र जागेवर आहे. ज्यात ते होते ते नाहीसे झाले आहे.

चोरांची निवड पाहून जाणकार आजही बुचकळ्यात पडतात. साऱ्या संग्रहाचा मुकुटमणी मानलेली टिशियनची ‘युरोपा’ डच दालनाच्याही वरच्या मजल्यावर होती; तेथे ते गेलेच नाहीत. ज्या आत्मचित्रापासून या संग्रहालयाच्या कल्पनेला अंकुर फुटला, ते रेम्ब्रांटचे चित्र त्यांनी भिंतीवरून उतरवले आणि कपाटाशी टेकवून तसेच सोडले; ते लाकडी फळीवर रंगवलेले असल्याने त्यांच्या पात्याला वश झाले नसावे. कापडाला पाते लावणारा हात चित्राचे मोल जाणणारा नव्हे, हे उघड आहे. आणि हौशी धनिकाने मागणी नोंदवून ही चोरी करवली, हा कादंबरीत शोभणारा तर्क त्या कापलेल्या कडांपुढे टिकत नाही. जगप्रसिद्ध चित्र चोरता येते, पण विकता येत नाही. ते गुन्हेगारांच्या जगात तारण म्हणून, किंवा पुढेमागे शिक्षेत सूट मिळवण्यासाठी हातचे म्हणून पडून राहते, हाच आजवरचा अनुभव आहे.

शोधाची कैफियत दीर्घ आहे, पण तिचे सार थोडक्यात सांगता येते. १९९४ साली संचालिका अ‍ॅन हॉली यांना एक निनावी पत्र आले. सव्वीस लाख डॉलर आणि शिक्षेपासून अभय मिळाल्यास माल परत करू, आणि हे मान्य असल्यास बॉस्टनच्या ‘ग्लोब’ दैनिकात इटालियन लिराच्या दरात एक आकडा अमुक रीतीने छापावा, असा मजकूर होता. आकडा छापला गेला. दुसरे पत्र आले. त्यानंतर पत्रलेखक कायमचा मुका झाला. १९९७ मध्ये एका वार्ताहराला रात्री न्यू यॉर्कमधील एका गुदामात नेऊन विजेरीच्या उजेडात एक गुंडाळलेले चित्र दाखवण्यात आले आणि मागाहून रंगाचे कण पाठवण्यात आले. तपासणीत ते त्या ‘वादळा’चे ठरले नाहीत. माल परत मिळवून देणाऱ्यासाठी ठेवलेले दहा लाखांचे इनाम १९९७ मध्ये पन्नास लाख आणि २०१७ मध्ये एक कोटी डॉलर झाले. २०१२ साली कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाच्या घराची झडती झाली. तेथे चोरीच्या वस्तूंची किमतींसह यादी निघाली, वस्तू निघाल्या नाहीत. २०१३ मध्ये एफबीआयने जाहीर केले की, चोर कोण हे आपणांस खात्रीलायक कळले असून माल कनेक्टिकट व फिलाडेल्फिया भागात फिरला होता. दोन वर्षांनी सांगितले की ते दोघेही आता हयात नाहीत. मध्यंतरी पहारेकऱ्यांना जखडण्यासाठी वापरलेल्या बेड्या व चिकटपट्ट्या, म्हणजे ज्यांवरून नव्या शास्त्राने काही माग काढता आला असता तो मुद्देमालच, सापडेनासा झाल्याचे उघड झाले.

कायद्याने मात्र या चोरीपासून धडा घेतला. मूळ गुन्ह्याची पाच वर्षांची मुदत १९९५ मध्ये संपली. परंतु १९९४ सालीच अमेरिकेच्या काँग्रेसने संग्रहालयातील मौल्यवान कलाकृतींची चोरी आणि अशा चोरीचा माल बाळगणे यांसाठी स्वतंत्र कायदा करून नव्या गुन्ह्यांसाठी ही मुदत वीस वर्षांची केली. माल आणून देणाऱ्यावर खटला भरणार नाही, असेही सरकारी वकिलांनी वेळोवेळी सुचवलेले आहे. संग्रहालयाने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. ज्यांच्या ताब्यात ही चित्रे असतील त्यांनी ती सत्तर अंश फॅरनहाइट उष्णतेत आणि पन्नास टक्के आर्द्रतेत ठेवावीत, असे जाहीर आवाहन केले. पळवलेल्या मुलाच्या आईने, त्याला दूध केव्हा लागते हे पळवणाऱ्याला निरोपाने कळवावे, तशी ही विनवणी आहे. चोराचे पारिपत्य दुय्यम आणि चित्राचा जीव आधी, हा विवेक तीत आहे, आणि मला तो फार थोर वाटतो.

आशेला आधारही आहे. १९११ मध्ये लूव्हरमधून गेलेली मोना लिसा दोन वर्षांहून अधिक काळाने सापडली. ती नव्हती तेव्हा तिच्या रिकाम्या जागेपुढेही लोक गर्दी करीत. लंडनमधून १८७६ साली चोरलेले गेन्सबरोचे ‘डेव्हनशायरची डचेस’ पंचवीस वर्षांनी परत आले. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हान गॉख संग्रहालयातून २००२ मध्ये गेलेली दोन चित्रे चौदा वर्षांनी इटलीत नेपल्सजवळ मिळाली. चोर मरतात, त्यांचे वारस माळे झाडतात, भागीदारांत बेबनाव होतो. आणि चित्र, ते सडू दिले नसेल तर, वाट पाहू शकते.

इझाबेलेच्या मृत्युपत्राचे सामर्थ्य मला येथे दिसते. तिची शर्त पुष्कळांना हट्टी आणि कालविसंगत वाटे. मृत व्यक्तीने जिवंतांचे हात बांधून ठेवावेत काय, हा आक्षेपही गैर नव्हता. पण १९९० नंतर त्याच शर्तीने निराळा अर्थ धारण केला. दुसऱ्या कोणत्याही संग्रहालयाने आठ दिवसांत त्या जागी दुसरी चित्रे लावली असती, आणि पुढच्या पिढीला काही गेले होते याची वार्ताही राहिली नसती. येथे तसे करता आले नाही. रिकाम्या चौकटी परत भिंतीवर गेल्या, आणि रोज येणाऱ्या प्रत्येकाला त्या हानीपुढे उभे राहावे लागते. तपास चालू राहिला, इनाम वाढत गेले, याचे श्रेय माझ्या मते त्या चौकटींना आहे. जी जागा भरून काढली जात नाही, तिचा शोध सोडता येत नाही.

ही केवळ अमेरिकेची गोष्ट नव्हे. शांतिनिकेतनमधून २००४ च्या मार्च महिन्यात रवींद्रनाथ ठाकुरांचे नोबेल पदक चोरीस गेले, केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला, आणि ते पदक आजतागायत मिळालेले नाही. आपल्या महाराष्ट्रातही जुन्या वाड्यांत, देवस्थानांत, संस्थानी दप्तरखान्यांत आणि गावोगावच्या लहान संग्रहालयांत कोणा ना कोणा केळकरांनी जन्म वेचून गोळा केलेले धन आहे, आणि त्यातील किती वस्तूंची छायाचित्रासह, मोजमापासह नोंद झालेली आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन विचारावे. ज्या वस्तूची नोंद नाही तिच्या चोरीची फिर्यादही धड देता येत नाही, आणि ती परदेशी बाजारात दिसली तरी आपली म्हणून सांगता येत नाही. उद्घाटनाला, कोनशिलेला आणि दिव्यांच्या रोषणाईला आपण पैसा देतो. रात्रीच्या पहारेकऱ्याच्या पगाराला आणि नोंदवहीला देत नाही. बॉस्टनच्या त्या रात्री पन्नास कोटींचा ठेवा अखेर एका अल्पवेतनी तरुणाच्या भरवशावर आणि एका कळेवर उभा होता. म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या गावच्या संग्रहालयात पुन्हा जाल तेव्हा वस्तू पाहून झाल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारा: यांची यादी कोठे आहे, आणि रात्री येथे कोण असते?